घंटी कुठं वाजली?

तुमच्या ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनवरून आत्ता १०८ फिरवला, तर घंटी कुठं वाजेल?

ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले होते, आणि जरा तोऱ्यातच म्हणाले होते. विचारणारा माणूस झिजलेल्या चपला घालून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून माझ्या टेबलासमोर उभा होता, आणि मला दुधाचा टँकर सुटायच्या आत कागद पुरे करायचे होते.

"वाजल्याली ऐकली का तुमी?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग सांगता कावून?"

शेषराव ओव्हाळ यांची आणि माझी ही पहिली भेट. पुढं मी त्यांना काका म्हणायला लागले, आणि ते मला ताई. पण ते सगळ्यांनाच ताई म्हणायचे, कॅन धुणाऱ्या बाईपासून संचालक बाईंपर्यंत.

शिरूर कासारला आमच्या दूध संघाचं शीतकरण केंद्र आहे, तिथं मी क्लार्क. गावोगावचं दूध सकाळी येतं, थंड होतं आणि टँकरनं बीडला जातं. दूध थंड करायला अमोनिया लागतो. हा वायू पाइपात आहे तोवर कामाचा. बाहेर आला की आधी डोळे जाळतो, मग छाती. अशा ठिकाणी फोन ही शोभेची वस्तू नसते. पण एकदा चेअरमन न सांगता भेटीला आले आणि दोन कामगार मोबाईलवर रील बघताना सापडले. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला की सगळ्यांनी मोबाईल गेटवर जमा करायचे. वॉचमनच्या खोलीत कुलपाची लाकडी पेटी आली, आणि आख्ख्या केंद्रात बाहेरच्या जगाशी बोलायला एकच फोन उरला, माझ्या टेबलावरचा.

तोही नवा. कुठल्याशा कंपनीची पोरं आली आणि आठवड्याभरात सगळ्या केंद्रांवर काळे, चकचकीत फोन बसवून गेली. हे फोन जुन्या तारेवर बोलत नाहीत, इंटरनेटवर बोलतात. शिरूरला उचललेला फोन आधी बीडच्या मुख्य कार्यालयातल्या एका पेटीत जातो आणि तिथून जगात. संघातल्या संघात बोलायला तीन आकडी नंबर, बाहेर बोलायचं तर आधी शून्य. चेअरमननी फीत कापली, पेढे वाटले. देखभालीला कंत्राटावर एक माणूस नेमला, टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला. कागदावर काकांचं पद होतं दूरध्वनी पर्यवेक्षक. मुख्य कार्यालयात मात्र सगळे त्यांना 'लाइनमन'च म्हणत, आणि ते हलकं लेखायला म्हणत हे कुणापासून लपलेलं नव्हतं. काकांना ते कधी लागलं नाही.

"लाइनमनच हाय की मी," ते म्हणायचे. "पर्यवेक्षक म्हंजी जो खांबाखाली उभा ऱ्हातो त्यो."

बुटका, काटक माणूस. तरुणपण खांब चढण्यात गेलेलं, त्यामुळं पायाची बोटं पंजासारखी आत वळलेली. उजवा कान कामातून गेलेला, म्हणून फोन कायम डाव्या कानाला. फोनवर बोलताना कधी बसायचे नाहीत. खुर्ची पुढं केली तर म्हणायचे, "खांबावर खुर्ची नसती." पिशवीत लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर, दोन चिमटे लावलेला एक जुना नारिंगी फोन आणि गोंदाची बाटली. इंटरनेटच्या फोनवाल्याला गोंद कशाला लागतो, असं मला वाटायचं. ते पुढं कळलं.

'हॅलो' हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. फोन उचलला की ठरलेलं: "शिरूर कासारहून बोलतोय. जय भीम. ओव्हाळ." आधी जागा, मग जय भीम, मग नाव. पलीकडे चेअरमन असोत की टँकरचा ड्रायव्हर. मी एकदा विचारलं, असं उलटं का?

"नाव काय, कुणी बी नंतर इचारतं. लाइन मधीच तुटली तर जागा तरी तिकडं पोचली पायजे."

आणि एक वाक्य होतं, जे ते दिवसातून दहादा म्हणायचे: "फोन लागला म्हणू नका. घंटी कुठं वाजली ते सांगा."

त्यामागं एक गोष्ट होती. खात्यात असताना त्यांच्या हद्दीतल्या एका गावाची तक्रार यायची की सरकारी दवाखान्याला फोन लावला तर घंटी जाते, पण डॉक्टर उचलत नाही. गाव डॉक्टरला शिव्या घालायचं. काका सायकल मारत गेले, तर डॉक्टर फोनसमोर बसलेला आणि फोन मुका. तार वाटेत बाभळीत तुटून लोंबत होती.

"तुमच्या कानात वाजती ना, ती घंटी एक्सचेंज वाजवतंय," काका म्हणाले. "तिकडची घंटी येगळी. दोन घंट्या असत्यात, ताई. माणूस आपल्या कानातली ऐकतो अन् खूश व्हतो."

मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडं कपाटात कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मोर्चा काढायचा, निवेदन द्यायचं, शिक्का मारलेली पोच घ्यायची आणि काम झालं म्हणून घरी यायचं. काकांची ही गोष्ट ऐकली त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की त्या पोचा म्हणजे आमच्याच कानातली घंटी होती. तिकडं काही वाजत होतं की नाही, हे बघायला आम्ही कधी सायकल काढली नव्हती.

तर तो पहिला दिवस. काकांनी माझा फोन उचलला, डाव्या कानाला लावला आणि १०८ दाबला. दोनदा घंटी गेली. मग पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"चेअरमन साहेबांचं केबिन. कोण?"

हे बापू, चेअरमनचे पीए. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "शिरूर कासारहून बोलतोय. जय भीम. ओव्हाळ. हितं एक माणूस शेवटच्या घटका मोजतोय, गाडी पाठवता का?"

"काका, सकाळी सकाळी गंमत करता काय?"

"गंमत मी न्हाई करत, बापू. ज्यानं नंबर वाटले त्यानं केलीय."

मग त्यांनी पोलिसांच्या मदतीचा ११२ दाबला. तो पशुखाद्याच्या गोदामात वाजला. "पेंड संपली हाय, परवा या," असं म्हणून तिकडच्यानं फोन ठेवूनही दिला.

काका हसले. मीही हसले. पेंडीवर तर आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यांचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि त्यांनी खिडकीतून अमोनियाच्या कॉम्प्रेसरच्या खोलीकडं पाहिलं.

असं झालं होतं की नंबर वाटताना कंपनीच्या पोरानं चेअरमनना त्यांची पसंती विचारली, आणि ते म्हणाले, १०८ द्या, शुभ आहे. त्यांच्या गाडीचा नंबरही तोच. बंगल्याच्या फाटकावरही तोच. पोरानं देऊन टाकला. त्याला शुभ-अशुभाशी देणंघेणं नव्हतं आणि शिरूरशी त्याहून नव्हतं.

गोदामवाल्यानं ११२ एका दिवसात सोडला. "आकडाच हाय, घ्या की," म्हणाला. राहिला १०८. महिन्याच्या बैठकीला मी केंद्राचे कागद घेऊन बीडला गेले होते, तेव्हा काका चेअरमनसमोर उभे राहिले. खुर्ची रिकामी होती तरी उभेच.

"साहेब, तुमचा नंबर बदलावा लागंल."

"कावून? बिघडला का?"

"न्हाई, लई चांगला चालतोय. तीच अडचण हाय."

आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं, शांतपणे, दुधाच्या गाड्यांचा मार्ग सांगावा तसं. चेअरमननी ऐकलं. ते काही राक्षस नाहीत. लग्नाकार्याला येतात, दवाखान्यात भेटायला जातात. ते हसून म्हणाले, "काका, तो आकडा मी महाराजांना विचारून घेतलाय. जपमाळेत मणी किती असतात? पण तुम्हा लोकांना त्यातलं कळायचं न्हाई."

'तुम्हा लोकांना' हे शब्द टेबलावर पडले आणि सगळ्यांनी आपापल्या चहाकडं पाहिलं.

काका म्हणाले, "माळेतलं न्हाई कळत, साहेब. घंटीतलं कळतं."

"मग असं करा, त्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनाच दुसरा नंबर घ्यायला सांगा."

सगळे खळखळून हसले. हसणारे सगळे समजदार, शिकलेले लोक होते. शेवटी तोडगा निघाला, परिपत्रक निघालं: अत्यावश्यक सेवेसाठीही प्रथम शून्य लावावा.

बीडच्या स्टँडवर बसची वाट बघताना मी चिडून पत्रक काढायच्या गोष्टी करत होते. काका उसाचा रस पीत होते.

"घाबरल्याला माणूस शून्य लावत न्हाई, ताई," ते म्हणाले. "घाबरल्यावर माणसाला आई आठवती, देव आठवतो. शून्य आठवल्याला एक बी माणूस म्या बघितला न्हाई."

शून्य लावूनही भागत नव्हतं, हे पुढच्याच आठवड्यात आष्टीच्या केंद्रावर कळलं. काकांनी तिथून शून्य लावून १०८ फिरवला आणि पलीकडच्या मुलीला आधीच सांगितलं, "ताई, ही चाचणी हाय, कुणी आजारी न्हाई. एवढंच सांगा, तुमच्याकडं माझा पत्ता काय दिसतोय?" ती म्हणाली, बीड, मुख्य कार्यालय. बरोबरच होतं तिचं. फोन बीडच्या पेटीतूनच बाहेर पडत होता.

"म्हंजी मी आष्टीला मरणार," काकांनी मला तिथूनच फोन करून सांगितलं, "अन् गाडी बीडच्या दारात माझी वाट बघत उभी."

उपाय त्यांच्याकडं तयार होता आणि तो साधा होता. प्रत्येक केंद्रावर एक जुन्या पद्धतीची, तारेची लाइन घ्यायची, त्या त्या गावच्या पत्त्यावर नोंदलेली. आणि केंद्रातच एक लहान पेटी बसवून अशी जोडणी करायची की १०८ आणि ११२ हे दोन नंबर बीडला न जाता थेट त्या लाइनीतून बाहेर पडतील. शून्याशिवाय. इंटरनेट बंद असलं तरी. बाकी सगळे फोन खुशाल बीडहून फिरू देत.

त्यांनी अर्ज दिला. फळ्यावर लिहावं तशा मोठ्या, सुट्या अक्षरांतला. उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. दुसरा दिला. तोही विचाराधीन. मुख्य कार्यालयात गेले की ते बापूंना विचारायचे, "आमचा अर्ज कुठं वाजतोय सध्या?" बापू वैतागायचे. त्यांच्या हातात तरी काय होतं? पण ज्याच्या हातात होतं त्याचा दरवाजा बापूंच्याच खुर्चीमागं होता आणि बापूंनी तो कधी ढकलला नाही.

मी म्हणाले, काका, आता पत्रकच काढू, गावागावांत वाटू. ते म्हणाले, "पत्रक मागून. आधी चिठ्ठी." आणि पिशवीतून गोंदाची बाटली निघाली.

प्रत्येक केंद्राच्या फोनवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. आमच्या फोनवर होतं: आधी शून्य, मग १०८. शिरूर कासार, जिल्हा बीड. दूध डेअरी. पुलाच्या अलीकडे, पांढरी टाकी. आणि सगळ्यांत खाली, गाडीवाल्यांना उलटा फोन करायला, गेटवरच्या वॉचमनचा मोबाईल नंबर. 'कासार' हा शब्द दुप्पट मोठा, खाली दोन रेघा.

"एवढा मोठा कासार?" मी हसून विचारलं.

"तुमी गावची माणसं नुसतं शिरूर म्हणता. शिरूर पुणे जिल्ह्यात बी हाय, अन् त्ये तुमच्यापरीस मोठं हाय. कासार इसरला की गाडी तिकडं."

मग त्यांनी एकेकाला बोलावून ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावली. मेकॅनिक अन्वर वाचताना लाजला, वॉचमन अडखळला तेव्हा अन्वर ओरडला, "नीट वाच बे, लग्नपत्रिका न्हाई ती!" रुक्मिणमावशींना वाचता येत नव्हतं. त्या कॅन धुतात. मुलगा आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात, मावशी छातीच्या दुखण्यामुळं मागं राहतात. काकांनी त्यांच्याकडून ते पाठ करून घेतलं. चार दिवसांत त्यांनी त्याला चालही लावली. कॅनवर घासणी फिरायची आणि नळाखालून आवाज यायचा, "शिरूऽर कासार, जिल्हा बीऽड, पुलाच्या अलीकडं पांढरी टाकी." आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्या म्हणायच्या, "हसा. तुमाला कागद लागतो, मला न्हाई लागत."

मग संचालक मंडळाचा दौरा ठरला. आदल्या दिवशी मुख्य कार्यालयातला एक साहेब तयारी बघायला आला, फोनकडं बोट करून म्हणाला, "इतक्या भारी फोनला हे काय डकवलंय? काढा."

चिठ्ठी मी काढली. दुसऱ्या कुणी नाही. ओलं फडकं घेऊन, नखानं खरवडून. दौरा झाला की पुन्हा लावू, असं मनाशी म्हणाले. दौरा झाला. मी लावली नाही. भिंतीभर घोषणा वाचत मोठी झालेली मी, वितभर कागदासाठी एका साहेबाला 'नाही' म्हणू शकले नाही.

ती दुपार हिवाळ्यातली होती. मुलगा-सून कारखान्यावर गेलेले, मावशी भिंतीपाशी कॅन धूत होत्या. भिंतीपलीकडं, कॉम्प्रेसरच्या खोलीत, पाइपाचा एक सांधा सुटला. आवाज फार मोठा आला नाही, नुसता फुस्स. मग तो वास, मग अन्वरची आरोळी. तोंडाला ओला टॉवेल बांधून तो आत गेला, वाल्व बंद केला आणि बाहेर येताना मावशींना ओढत घेऊन आला. त्यांचे डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं, आणि छाती हलत होती पण हवा आत जात नव्हती.

"ताई, फोन लावा!"

मी १०८ फिरवला.

मी. जिला सगळं माहीत होतं. जी त्या बैठकीत बसली होती, जिनं ते परिपत्रक स्वतः फाइलला लावलं होतं.

"साहेब मीटिंगमध्ये हायेत," बापू म्हणाले, "अर्ध्या तासानं करा." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा १०८ फिरवला. तोच नंबर, तसाच. या वेळी मी किंचाळले, तेव्हा बापू म्हणाले, "ताई, शून्य लावा की आधी!"

शून्य लावून फोन लागला. पलीकडचा माणूस म्हणाला, "बीड, मुख्य कार्यालय, बरोबर?" मी म्हणाले, "नाही, नाही, शिरूर! शिरूरची डेअरी! लवकर या!" "शिरूर. ठीक आहे. गाडी निघते," तो म्हणाला. मी फोनकडं पाहिलं. जिथं चिठ्ठी होती तिथं गोंदाचा पिवळा डाग होता. काहीतरी राहिलंय, एवढंच कळत होतं. काय, ते आठवत नव्हतं. आख्ख्या केंद्रात ज्यांना ते झोपेतही म्हणता आलं असतं त्या मावशी पायरीवर आडव्या होत्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

गाडी आली नाही. मोबाईल कुलपात, किल्ली वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन जेवायला घरी गेलेला. अन्वरनं पान्यानं पेटी फोडली आणि दूध आणणाऱ्या एका पिकअपच्या ड्रायव्हरला बोलावलं. कॅनच्या मधे मावशींना निजवून आम्ही ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून बीड, तिथून अंबाजोगाई. दुसऱ्या दिवशी कळलं की ॲम्ब्युलन्स निघाली होती, पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला. डेअरी सापडेना म्हणून ड्रायव्हरनं उलटा फोनही केला. तो वाजला बीडच्या मुख्य कार्यालयात.

काका दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गोंदाच्या डागावरून बोट फिरवलं.

"कुणी काढली?"

"मी."

त्यांनी पिशवीतून गोंद काढला, नवी चिठ्ठी लिहिली, चिकटवली, अंगठ्यानं चारी कोपरे दाबले. मग म्हणाले, "घंटी कुठं वाजली ते लिहून ठेवा, ताई. आजच. उद्या सगळे येगळं सांगत्याल."

तसंच झालं. मावशी वाचल्या, आणि तिथंच सगळं संपलं. "वाचली ना?" जो तो हेच विचारायचा, आणि त्या दोन शब्दांनी प्रत्येकाचा घास पुन्हा गोड व्हायचा. मावशींना आता दहा पावलांवर थांबावं लागतं. कॅन उचलता येत नाही. पण वाचल्या ना?

चौकशीचा अहवाल झाला. त्यात लिहिलं होतं की दूरध्वनी यंत्रणा सुरळीत होती. कर्मचाऱ्यानं शून्य न लावल्यामुळं विलंब झाला. कर्मचारी म्हणजे मी. मला मेमो मिळाला, तो मी ठेवलाय. त्यात खोटं काहीच नाही. मी शून्य लावला नव्हता. फक्त शून्य लावायला का लागत होता, हे कुणी लिहिलं नाही.

खाली दूरध्वनी पर्यवेक्षकाची सही हवी होती. बापूंनी कागद पुढं केला. "करा सही, काका. यंत्रणा सुरळीतच व्हती ना?"

"व्हती की," काका म्हणाले. आणि सहीच्या वर, त्या फळ्यावरच्या अक्षरांत लिहिलं: यंत्रणा सुरळीत होती. घंटी चेअरमन साहेबांच्या केबिनमध्ये वाजली. खाली सही, आणि पद खोडून 'लाइनमन'.

त्यांचं कंत्राट पुढं वाढवलं नाही.

हातात आठ दिवस होते. ते आठही दिवस काका शिरूरला आले. केंद्रात जुन्या फोनची तार अजून भिंतीतून लोंबत होती. ती त्यांनी खांबापर्यंत तपासली, नारिंगी फोनचे चिमटे लावून कान देऊन ऐकली, आणि खात्यातल्या जुन्या ओळखीच्या माणसांना गाठून ती लाइन पुन्हा सुरू करून घेतली. स्वतःच्या नावावर, केंद्राच्या पत्त्यावर. कुठूनशी एक लहान पेटी आणून माझ्या टेबलाखाली बसवली. कुणाची परवानगी विचारली नाही. मला फक्त म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाई असं समजा."

"मला माहीत आहे असंच समजा," मी म्हणाले. त्या सबंध प्रकरणात मी बोललेलं हे एकच धड वाक्य.

"आणि चेअरमनचा नंबर?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी. शिरूरचा १०८ आता बीडला जातच न्हाई." मग तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आष्टीचा जातो अजून. बाकीच्यांचा बी जातो. एकच लाइन जमली, ताई. एकच."

शेवटच्या दिवशी मावशी केंद्रावर आल्या होत्या, अंबाजोगाईहून सुटल्यानंतर पहिल्यांदाच. पायरीवर बसून दम खात होत्या. काकांनी मला फोन लावायला सांगितलं. शून्याशिवाय. मी १०८ दाबला. एक घंटी, दोन घंट्या. बापूंचा आवाज आला नाही. काकांनी रिसीव्हर घेतला, डाव्या कानाला लावला.

"शिरूर कासारहून बोलतोय. जय भीम. ओव्हाळ. ही चाचणी हाय, कुणी आजारी न्हाई. पत्ता काय दिसतोय, ताई, तुमाला?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकांचा चेहरा मात्र दिसत होता. त्यांनी मान हलवली आणि लांब वायरीचा रिसीव्हर दारातून मावशींपुढं धरला. "एकदा म्हणून दावा, मावशी. त्यांच्या कानावर जाऊ द्या."

मावशींनी तोंडाला रिसीव्हर लावला. चाल राहिली नव्हती. "शिरूर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. छाती वरखाली झाली. "कासार." पुन्हा थांबल्या. "पुलाच्या. अलीकडं." टाकीपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला. पलीकडच्या मुलीनं मधे एकदाही तोडलं नाही.

"तुमचा येळ घेतला, माफ करा," असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. लेक अंबाजोगाईला नर्स आहे, तिच्याकडं राहायला जाणार होते. बस सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात काढला. मला वाटलं, निरोप देतायत. त्यांनी मूठ डाव्या कानाला लावली, भुवया वर केल्या आणि मान हलवून विचारलं. एवढ्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण मला शब्दन्‌शब्द कळला.

आमच्या केंद्राची ती लाइन अजून शेषराव ओव्हाळ यांच्या नावावर आहे. आष्टीचा १०८ अजून चेअरमनच्या केबिनमध्ये वाजतो. अर्ज आता मी देते. विचाराधीन आहे.

तुमच्याकडून मला पाठिंबा नको, टाळ्या तर नकोच. एक काम करा. उद्या ऑफिसात, शाळेत, बँकेत, जिथं असाल तिथं, फोनची देखभाल करणाऱ्या माणसाला गाठा आणि त्याच्याकडून तुमच्यासमोर, चाचणी आहे असं पहिल्याच वाक्यात सांगून, १०८ आणि ११२ लावून घ्या. शून्याशिवाय. पलीकडच्या माणसाला विचारा, पत्ता कुठला दिसतोय. तो तुमच्या गावचा नसेल तर तो होईपर्यंत त्या माणसाची आणि त्याच्या साहेबाची पाठ सोडू नका. आणि घरी जायच्या आधी चिठ्ठी लिहून फोनवर चिकटवा. आधी जागा, पूर्ण नावासकट. कुणी साहेब ती काढा म्हणाला, तर काढू नका.